सुधारत्या संघाला क्रमवारीत स्थान मिळावे काय?

रत्नागिरीच्या महाविद्यालयीन युवकांसाठी एक विवेचन

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरीतील महाविद्यालयांच्या जिमखान्यांत हालचाल वाढते. कातळावरची मैदाने चिखलाने भरलेली असतात, तरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी फुटबॉल संघांची निवड चालू असते. आपल्या धर्मग्रामांतील युवकांपैकी कित्येक जण या संघांतून खेळतात. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न वारंवार कानी येतो. "गेल्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, यंदा दोन फेऱ्या पार केल्या. आमचा खेळ सुधारतो आहे. मग राष्ट्रीय पातळीवर आमचे नाव का नाही? आम्हांला क्रमवारीत स्थान का नसावे?"

हा प्रश्न बालिश म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यात न्यायाची अपेक्षा आहे, श्रमांची कोणीतरी दखल घ्यावी ही स्वाभाविक ओढ आहे आणि लहान गावाकडे मोठ्या शहरांचे लक्ष जात नाही ही जुनी सलही आहे. म्हणून क्रमवारी म्हणजे काय, ती कशी ठरते आणि सुधारत असलेल्या संघाचा तिच्यावर कितपत अधिकार पोहोचतो, याचा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

क्रमवारी आणि मानांकन

प्रथम दोन शब्दांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. क्रमवारी म्हणजे झालेल्या खेळावरून संघांची लावलेली यादी. मानांकन म्हणजे एखाद्या स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका आखताना बलवान संघ आरंभीच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून त्यांना दिलेल्या जागा. मानांकन साधारणतः गतवर्षीच्या निकालांवरून ठरते. त्यामुळे काल दुबळा असलेला आणि आज सुधारलेला संघ बहुधा मानांकनाबाहेर राहतो आणि पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतच एखाद्या मातब्बर संघाच्या पुढ्यात येतो. आपल्या युवकांची अर्धी तक्रार येथून उगम पावते. ती खरी आहे, परंतु ती मानांकनाविषयीची आहे. क्रमवारीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

आपल्याकडील व्यवस्था

महाविद्यालयीन फुटबॉल संघांची अधिकृत राष्ट्रीय क्रमवारी भारतात नाही. आपल्याकडे विद्यार्थी खेळाडू जिल्ह्यापासून राष्ट्रापर्यंत चढतो तो महाविद्यालयाच्या नव्हे, विद्यापीठाच्या नावाने.

रत्नागिरीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी आज सातशेहून अधिक महाविद्यालये जोडलेली आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामने साधारणतः विभागवार होतात. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हा आपला कोकण विभाग. विभागातून पुढे आलेल्या संघांना मग मुंबई शहर, उपनगरे आणि ठाणे या भागांतील संघांशी गाठ घ्यावी लागते. या सामन्यांतून व निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यात जागा असतात वीसच्या आसपास.

पुढचा टप्पा भारतीय विद्यापीठ संघाचा. १९२५ साली स्थापन झालेली ही संस्था आंतरविद्यापीठ स्पर्धा भरविते. फुटबॉलसाठी देशाचे उत्तर, पूर्व, दक्षिण व पश्चिम असे चार विभाग केले जातात. मुंबई विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते. प्रत्येक विभागातील पहिले चार, असे सोळा विद्यापीठ संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. तेथून निवडक संघांना २०२० साली सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेचे दार उघडते. विद्यापीठांच्या एकंदर क्रीडा कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. पंजाबातील विद्यापीठांनी त्यावर दीर्घकाळ वर्चस्व राखले असून अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा पटकाविला आहे. परंतु तो करंडकही सर्व खेळांतील गुणांची बेरीज करून विद्यापीठाला मिळतो, एखाद्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला नव्हे.

याचा अर्थ असा की रत्नागिरीचा महाविद्यालयीन संघ कितीही सुधारला, तरी त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने राष्ट्रीय स्थान मिळण्याची सोयच नाही. त्याच्यातील एखादा गोलरक्षक किंवा बचावपटू विद्यापीठाचा गणवेश अंगावर चढवून ते स्थान गाठू शकतो. हे कटू असले तरी आपल्या युवकांना प्रथमच स्पष्टपणे सांगितलेले बरे. मग क्रमवारीचा विचार करावा तरी कशाला? क्रमवारी कशी ठरते हे कळले की, सुधारणारा संघ नेमका कोठे अडतो हेही कळते, म्हणून.

क्रमवारीचे गणित

जगात आज सर्वाधिक वापरली जाणारी गुणांकनाची रीत मुळात बुद्धिबळासाठी शोधली गेली. अर्पाद एलो हे तिचे जनक. हंगेरीत जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेतील मिलवॉकी येथे येशूसंघीयांच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली व जागतिक महासंघाने १९७० साली त्यांची पद्धत स्वीकारली. २०१८ सालापासून फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना पुरुषांच्या राष्ट्रीय संघांसाठी याच तत्त्वावरील पद्धत वापरते.

तत्त्व साधे आहे. प्रत्येक संघापाशी काही गुण असतात. सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या गुणांतील अंतरावरून अपेक्षित निकाल काढतात. सामना संपल्यावर प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतील फरकाला सामन्याच्या महत्त्वाने गुणतात आणि येणारी संख्या संघाच्या गुणांत मिळवितात किंवा वजा करतात. साध्या मैत्रीपूर्ण सामन्याचे महत्त्व ५ किंवा १० धरले जाते, तर विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीपासून पुढे ते ६० असते.

उदाहरण घेऊ. दोन समान गुणांचे संघ मैत्रीपूर्ण सामना खेळले व त्याचे महत्त्व १० धरले, तर जिंकणाऱ्याला ५ गुण मिळतात आणि हरणाऱ्याचे ५ जातात. आता आपला संघ ६०० गुणांनी वरचढ असलेल्या संघाशी खेळला असे समजू. त्याने जिंकण्याची अपेक्षा अकरांत एक, म्हणजे सुमारे ०.०९ इतकीच असते. तो हरला तर त्याचा १ गुणही पुरता जात नाही. बरोबरी साधली तर सुमारे ४ गुण मिळतात. जिंकला तर सुमारे ९ गुण पदरी पडतात. याउलट ६०० गुणांनी दुबळ्या असलेल्या संघाला त्याने हरविले, तर १ गुणही पुरता हाती येत नाही आणि त्याच्याकडून हरला तर सुमारे ९ गुण गमवावे लागतात.

या आकड्यांत एक मोठे सत्य दडलेले आहे. दुबळ्यांना हरवून मान वाढत नाही आणि बलवानाकडून हरल्याने तो फारसा घटत नाही. तुम्ही कोणाशी खेळलात, यावर बरेच काही अवलंबून असते. आणखी एक गोष्ट अशी की, या गणिताला 'सुधारणा' हा शब्द ठाऊक नाही. संघाने सरावात किती घाम गाळला, त्याची चाल किती सफाईदार झाली, हे ते विचारीत नाही. सुधारणा निकालात उतरली तरच ती त्याला दिसते.

भारतीय संघाचा धडा

याचा पडताळा आपल्याच राष्ट्रीय संघाच्या इतिहासात मिळतो. १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविणारा भारत फिफाची क्रमवारी सुरू झाली त्या काळात मागे पडलेला होता. फेब्रुवारी १९९६ मधील ९४ हे त्याचे आजवरचे सर्वोच्च स्थान. मार्च २०१५ मध्ये तो १७३ व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्यानंतर मात्र चित्र पालटले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने आपल्याहून वरच्या क्रमांकाच्या पोर्तो रिकोला ४-१ असे हरविले आणि जुलै २०१७ मध्ये तो ९६ व्या स्थानी पोहोचला. सव्वादोन वर्षांत सत्याहत्तर पायऱ्यांची ही चढण होती.

त्या वेळी अनेकांनी शंका काढली होती की, हे प्रतिस्पर्धी जपून निवडल्याचे फळ तर नव्हे? ही शंका निराधार म्हणता येणार नाही, कारण तेव्हाची जुनी पद्धत सरासरीवर चालत असे. मैत्रीपूर्ण सामना हरला की शून्य गुण मिळून सरासरी खाली येई, आणि तो सामना खेळलाच नाही तर ती जशीच्या तशी राही. पोलंडने २०१८ च्या विश्वचषकाच्या गटवारीपूर्वी मैत्रीपूर्ण सामने कटाक्षाने टाळले आणि वरच्या मानांकनाचा लाभ घेतला. न खेळण्याचे बक्षीस मिळावे, यातच त्या पद्धतीचा दोष उघड झाला आणि २०१८ साली ती बदलण्यात आली.

तथापि भारताची ती सुधारणा सर्वस्वी खोटी नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात त्याने थायलंडला ४-१ असे नमविले. पुढे २०२३ साली मायदेशी आंतरखंडीय चषक व दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकून जुलैमध्ये तो ९९ व्या स्थानी आला. मात्र जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिघांकडूनही तो हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून हार पत्करून त्याने पुढच्या आशियाई चषकाची वाट बंद करून घेतली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १४२ व्या क्रमांकावर उतरला.

येथे क्रमवारीने कोणावरही अन्याय केला असे आम्हांस वाटत नाही. भारत ९९ वा होता तेव्हा त्याने ज्यांना हरविले त्यांच्या मानाने ते स्थान योग्य होते. कठीण परीक्षा आली तेव्हा स्थानही बदलले. घरच्या मैदानावर, ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांशी मिळविलेली प्रगती किती खोल मुरली आहे, हे परक्या मैदानावर बलवानांपुढे उभे राहिल्याखेरीज समजत नाही.

नोटर डेमची हकिगत

ज्या देशात महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय क्रमवारी खरोखरच असते, तेथील एक ताजी घटना आपल्या प्रश्नाशी तंतोतंत जुळते, आणि तिचा संबंध एका कॅथलिक विद्यापीठाशी आहे. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो लंबगोल चेंडू हातांत घेऊन खेळावयाचा निराळा खेळ आहे. तेथील विद्यापीठ संघांची क्रमवारी १९३६ सालापासून पत्रकारांच्या मतांवरून नियमित प्रसिद्ध होते. २०१४ सालापासून अजिंक्यपदाच्या बाद फेरीसाठी संघ निवडण्याचे काम एक नियुक्त समिती करते. प्रारंभी चार संघ घेतले जात. २०२४ पासून बारा घेतात.

होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापिलेल्या नोटर डेम विद्यापीठाचा संघ २०२५ च्या हंगामात पहिले दोन्ही सामने थोडक्या फरकाने हरला. पहिला मायामीकडून तीन गुणांनी आणि दुसरा टेक्सास ए अँड एमकडून एका गुणाने. त्यानंतर त्याने ओळीने दहा सामने जिंकले. हंगाम संपताना नोटर डेम व मायामी या दोघांचेही दहा विजय व दोन पराभव झाले होते. अखेरच्या निवडीच्या आधीच्या आठवड्यात नोटर डेम दहावा होता व मायामी बारावा. मधल्या अकराव्या संघाचा पराभव झाल्याने तो खाली गेला आणि हे दोघे शेजारी आले. तेव्हा समितीने त्यांची प्रत्यक्ष गाठ लक्षात घेऊन मायामीला दहावा व नोटर डेमला अकरावा क्रमांक दिला. विशेष म्हणजे त्या आठवड्यात दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नव्हता. काही जागा प्रादेशिक विजेत्यांसाठी राखीव असल्याने अकराव्या क्रमांकाला प्रवेश मिळाला नाही. नोटर डेमने मग हंगामाअखेरचा अन्य सामना खेळण्यासही नकार दिला.

दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. नोटर डेमचे समर्थक म्हणतात की, डिसेंबरातील संघ हा ऑगस्टमधील संघ राहिलेला नव्हता. क्रमवारी आजच्या बळाची असावी, शिळ्या निकालांची नसावी. मायामीचे समर्थक म्हणतात की, दोघे समोरासमोर आले तेव्हा निकाल मैदानावर लागला होता. तो बाजूला सारून मतांवर विसंबावयाचे, तर सामने खेळावयाचे कशासाठी?

आम्हांस असे वाटते की, दोन संघांची कामगिरी अन्यथा समान असताना प्रत्यक्ष सामन्याच्या निकालास अग्रमान देणे गैर नाही. परंतु तोच निकष आधीच्या आठवड्यांत न लावता अखेरीस लावला गेला, यात मात्र दोष आहे. मोजपट्टी कोणतीही असो, ती आरंभापासून शेवटपर्यंत एकच हवी आणि सर्वांस आधी ठाऊक हवी. सुधारत्या संघाला सवलत मागण्याचा हक्क नाही. न बदलणारी मोजपट्टी मागण्याचा हक्क मात्र निश्चित आहे.

रत्नागिरीच्या संघाला काय हवे?

आता पुन्हा आपल्या मैदानाकडे वळू. वरील विवेचनातून दोन गोष्टी हाती लागतात. क्रमवारी ही सुधारणेचे पारितोषिक नसून तुलनेचे माप आहे. आणि तुलना होण्यासाठी सामने व्हावे लागतात, तेही बलवानांशी.

आपल्या युवकांची खरी अडचण येथे आहे. सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर एकूण पंधरा सामने होतात. आठ संघ एकच सामना खेळून परततात, चार संघ दोन खेळतात आणि अंतिम फेरी गाठणारे दोघेच चार सामने खेळतात. म्हणजे वर्षभर सराव करावा, गाडीने रात्र काढून सव्वातीनशे किलोमीटरांहून दूर मुंबईला जावे आणि दीड-दोन तासांत सारे संपावे. असा संघ सुधारला की नाही हे कोणी कसे सांगावे? एका सामन्यावरून क्रमवारी लावणारे गणित अद्याप कोणी शोधलेले नाही.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर घाट चढून कोल्हापुरात जावे. तेथील पेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ या नावांमागे अवघी पेठ उभी राहते. शाहू स्टेडियमवर साखळी सामने होतात आणि त्यांच्या जोडीला इतर स्पर्धाही चालतात. तेथील मुलगा एका हंगामात जितके चुरशीचे सामने खेळतो, तितके आपला मुलगा महाविद्यालयाच्या तीन वर्षांत खेळत नाही. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

दक्षिणेकडे गोव्यात हीच गोष्ट चर्चच्या अंगणात घडली. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ साली शिवोली येथे फुटबॉल आणला, असे तेथील इतिहास सांगतो. धर्मग्रामांच्या शाळा, चर्चलगतची मैदाने आणि गावोगावच्या सणांनिमित्तचे सामने यांवर तो खेळ वाढला. पुढे धेंपो क्लबने राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पाच वेळा मिळविले, त्याची मुळे या गावच्या मैदानांत आहेत. आधी सामने आले, नंतर नाव आले.

रत्नागिरीलाही हे अपरिचित नाही. आपल्या जिल्ह्याची ओळख खो-खो आणि कबड्डीची. खो-खोत येथील मुलींनी महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळविले, ते कोणी त्यांच्या गावाची कीव केली म्हणून नव्हे. येथे रोज खेळणारे, रोज हरविणारे आणि रोज हरणारे सोबती त्यांना मिळाले म्हणून. फुटबॉलला असे सोबती कसे मिळतील, हा आपणांपुढील प्रश्न आहे.

उपाय आवाक्यातले आहेत. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, देवरूख, लांजा, राजापूर या गावांतील महाविद्यालयांपैकी सहा संघ एकत्र आले आणि त्यांनी साखळी पद्धतीने सामने ठेवले, तर एकूण पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघाला पाच मिळतात. प्रत्येक जोडी आपापल्या गावी एकेकदा खेळली तर तेच दहा होतात. पंधरा सामने म्हणजे सोळा संघांच्या बाद स्पर्धेइतकेच श्रम, परंतु कोणीही एका पराभवाने घरी बसत नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून परीक्षांपूर्वीच्या महिन्यांत हे सहज बसते. अशा साखळीला वरील गणिताने गुण दिले, तर आपला संघ सुधारतो आहे की नाही याचे उत्तर वहीत मांडलेले दिसेल. त्यासाठी संगणकाचीही आवश्यकता नाही. गणित विषयाचा एखादा विद्यार्थी ते काम आनंदाने करील.

दुसरा उपाय वरच्या पायरीचा. वर्षातून दोन-तीन वेळा कोल्हापूर किंवा गोव्याच्या संघाला पाहुणा म्हणून बोलवावे, अथवा आपण तेथे जावे. पाच-सहा गोलांनी हरण्याची तयारी ठेवावी. गणित सांगते की अशा पराभवाची किंमत अल्प असते आणि अनुभव सांगतो की त्याचा लाभ मोठा असतो. पोलंडने सामने टाळून स्थान राखले खरे, परंतु त्या विश्वचषकात तो पहिल्या फेरीपलीकडे गेला नाही.

तिसरी गोष्ट मागण्याची. विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत आहे. विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीचा एक टप्पा कोकणात व्हावा, अशी विनंती महाविद्यालयांनी एकत्रितपणे करण्यास काय हरकत आहे? ती सवलत नव्हे. सर्वांना एकाच मोजपट्टीने मोजावयाचे, तर ती मोजपट्टी सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढीच ती मागणी आहे.

ख्रिस्ती दृष्टीतून

२००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात ख्रिस्ती समाज अल्प व विखुरलेला आहे. 'आमची कोणी दखल घेत नाही' ही भावना आम्हांस परकी नाही. म्हणून या प्रश्नाकडे श्रद्धेच्या प्रकाशातही पाहावेसे वाटते.

ख्रिस्तसभेने खेळाला कधी तुच्छ लेखले नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, कारण करिंथ शहराजवळच मोठे क्रीडामहोत्सव भरत असत. संत पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी गोलरक्षक म्हणून खेळत. जून २०१८ मध्ये व्हॅटिकनने खेळाविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. माणसाने स्वतःतील सर्वोत्तम ते द्यावे, असा आशय त्याच्या शीर्षकातच आहे. इतरांच्या वरचढ ठरण्याआधी स्वतःचे सर्वोत्तम देणे येते, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

शुभवर्तमानातील दोन प्रसंग येथे आठवतात. पहिला संत मार्कने सांगितलेला. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांमध्ये आपणांत थोर कोण यावरून वाद झाला आणि प्रभूने विचारले तेव्हा ते लाजून गप्प राहिले. तोही एका परीने क्रमवारीचाच वाद होता. प्रभू येशूने त्यांची आकांक्षा मोडून काढली नाही. तिची दिशा बदलली. ज्याला पहिले व्हावयाचे आहे त्याने सर्वांची सेवा करावी, असे त्याने शिकविले. मैदानावर याचा अर्थ असा की, स्वतः गोल करण्याचा मोह सोडून सोबत्याला चेंडू देणारा खेळाडू संघाला वर नेतो, मग वृत्तपत्रात नाव कोणाचेही येवो.

दुसरा प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त. दिवस कलताना आलेल्या कामकऱ्यालाही धन्याने पहाटे आलेल्याइतकेच वेतन दिले. हंगामाच्या उत्तरार्धात सुधारलेल्या संघालाही असेच मिळावे, असे कोणास वाटेल. परंतु तो दृष्टान्त देवाच्या कृपेचा आहे आणि कृपा ही कमाई नव्हे. क्रमवारी ही कमाई आहे. या दोहोंची सरमिसळ केली की कृपेचेही अवमूल्यन होते आणि खेळाचेही. मात्र त्या धन्याचे एक कृत्य क्रीडा संचालकांना, प्रशिक्षकांना व आम्हां सर्वांना अनुकरणीय आहे. तो दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात गेला आणि ज्यांना कोणी कामावर घेतले नव्हते त्यांना त्याने काम दिले. आपल्या मुलांना खेळण्याची संधी देणे हे तेच कार्य आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे की, संघ सुधारतो आहे एवढ्याच कारणाने त्याला राष्ट्रीय स्थान मिळू नये. ते निकालांनी मिळवावे. परंतु निकाल मिळविण्यासाठी पुरेसे सामने, पुरेसे प्रतिस्पर्धी आणि सर्वांना समान असलेली मोजपट्टी यांवर त्याचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क मिळवून देण्याचे काम संघाचे एकट्याचे नाही. ते महाविद्यालयांचे, पालकांचे आणि धर्मग्रामांचेही आहे. ज्या धर्मग्रामापाशी मोकळी जागा आहे, त्याने ती शनिवारी दुपारी खेळासाठी उघडून दिली आणि दोन्ही बाजूंना गोलाचे खांब उभे केले, तरी आरंभ झाला असे आम्ही मानू. कोणत्याही धर्माचा मुलगा तेथे खेळावयास यावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पाऊस सरल्यावर आपल्या युवकांनी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना भेटावे, शेजारच्या गावातील एका संघाला सामन्याचे निमंत्रण धाडावे आणि त्या सामन्याचा निकाल, तो काहीही लागो, एका वहीत नोंदवून ठेवावा. त्या वहीचे पहिले पान हीच तूर्त आपली क्रमवारी. प्रभू त्यांच्या श्रमांस यश देवो.